आजारी प्लॉटातला देवराव

खरं सांगू राजेहो? देवराव पराते या माणसावर मी सहा वर्षं जळलो. थोडंथाडकं नाही, पोटात दुखेपर्यंत. आता तो रिटायर होऊन उमरेडले घरी बसला आहे, तरी त्याची गोष्ट सांगायले मीच पाहिजे. त्याच्यावर माया करणारे पुष्कळ होते, पण माझ्याइतकं टक लावून त्याले कोणीच पाह्यलं नाही.

उमरेड रोडवर, दिघोरी मागं टाकून वीसेक मिनिटं गेलं की आमच्या बियाणे कंपनीचं संशोधनाचं वावर लागते. मी तिथं फील्ड असिस्टंट. नाव सुशील, कृषी डिप्लोमा, फर्स्ट क्लास. देवराव फील्डमन, शाळा सातवीपर्यंत. आमच्या वर दामिनी मॅडम, मिरचीच्या नव्या जाती तयार करणाऱ्या शास्त्रज्ञ. बाई हुशार, बोलायले गोड, पण एक खोड अशी की माझं रक्त उकळे. मी काहीही सांगितलं की सगळं ऐकून घेत, वहीत लिहून घेत, आणि मग म्हणत, "बरं, देवराव काय म्हणतात?"

काय म्हणतात! अरे, मी महिनाभर आकडे भरले, तक्ते बनवले, आणि शेवटी निकाल कोणाचा? धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसणाऱ्या माणसाचा. माझा जीव जळणार नाही तर काय होईन?

आमचं काम जगाच्या उलटं आहे. मिरचीवर बोकड्या येते हे आपल्याकडं लहान पोट्ट्यालेही माहीत आहे. पानं आखडून वाट्यांसारखी वळतात, झाड खुजं राहते, मिरची धरत नाही. हा विषाणूचा आजार, आणि तो या झाडावरून त्या झाडावर नेते पांढरी माशी. शेतकरी माशी मारायले फवारणी करते. आम्ही माशीले जेवायले बोलावतो. प्लॉटात दर चार ओळींमागं एक ओळ अशा मिरचीची लावतो की जिले बोकड्या हमखास होते. फवारा एकही नाही. आजार सगळीकडं पसरला, अख्खा प्लॉट आखडून गेला, की त्यातून जे झाड सरळ पानांचं उभं राहिलं ते शोधायचं. त्याचं बी धरायचं, पुढच्या साली पुन्हा त्याच आजारात लावायचं. असं सात-आठ वर्षं केलं तर एक जात हाती येते. आली तर.

त्या प्लॉटाले आम्ही आजारी प्लॉट म्हणतो, आणि देवराव त्या प्लॉटाचा राजा होता.

त्याचं घराणं उमरेडच्या विणकरांचं. लहानपणी बापाच्या मागावर बसून लुगड्यात तुटलेला धागा शोधायचं काम त्याच्याकडं असे. दहा हात कापडात एक धागा! ती नजर त्यानं मिरचीत आणली. मान खाली, हात पाठीमागं, ओळीतून चालत जाई, आणि मधेच थांबे. थांबला की थांबला. मग खिशातून जरीचा तुकडा काढून झाडाले बांधे. बाकीचे लाल फीत बांधत, याले जरी पाहिजे. मजूर बायांले त्याचं कौतुक. "देवरावभाऊची जरी लागली, आता झाडाची चांदी," असं पुष्पलताबाई मले ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणे.

घरी गेलो की माझ्या तोंडात तोच. एकदा रितिका, माझी बायको, ताट वाढता वाढता म्हणाली, "काहो, तुमचं त्या देवरावशीच लगन लावून दिलं असतं तर बरं झालं असतं. दिवसभर त्याचंच नाव." मी जेवलोच नाही त्या दिवशी.

गेल्या साली त्याचा शेवटचा हंगाम होता. डिसेंबरच्या शेवटी रिटायर. सहा वर्षांत त्यानं जरी बांधलेली झाडं दुसऱ्या-तिसऱ्या सालापर्यंत टिकली आणि मग पडली. आजारापुढं एकही पुरी उतरली नव्हती. म्हणजे हे साल त्याच्यासाठी शेवटचं. या सालात झाड सापडलं नाही, तर एवढ्या वर्षांच्या पायपिटीचं हातात काहीच नाही, हे त्याले माहीत होतं आणि मलेही. मी मनातल्या मनात म्हणत होतो, नकोच सापडू दे. हो, म्हणत होतो. लपवून काय करू?

आणि त्याले सापडलं.

ओळ नंबर सत्तेचाळीस, अगदी टोकाचं झाड, शेजारच्या शेतकऱ्याच्या तुरीले लागून. चारही बाजूंनं आखडलेली मिरची आणि हे बेटं कमरेएवढं, पानं सरळ, मिरच्यांनं लदलेलं. मॅडम धावतच आल्या. मग त्यांनी माझा तक्ता उघडला. दोन दिवसांपूर्वी ती ओळ मीच पाह्यली होती. ऊन कडक होतं, कंटाळा आला होता. शेवटच्या सात-आठ झाडांले मी न पाहताच आजाराचा आकडा भरून टाकला होता. मॅडमनं पेन काढून माझा आकडा खोडला आणि शून्य लिहिलं. शून्य म्हणजे निरोगी. देवराव बाजूले उभा होता, तो काही बोलला नाही. एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं राजेहो. ती चूप मले आठ दिवस झोपू देईना.

मग मी ते केलं.

देवराव नऊच्या एसटीनं येई. मी मोटरसायकलनं सातलेच पोचायले लागलो. सगळ्यात सडलेल्या बारा नंबरच्या ओळीतून माश्यांनं भरलेल्या फांद्या अलगद तोडायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत घ्यायच्या, आणि त्याच्या लाडक्या झाडावर झटकायच्या. थंडीत माशी सुस्त राहते, म्हणून फांद्या झाडाच्या पोटात खोचून ठेवायच्या. ऊन चढलं, फांद्या कोमेजल्या, की माश्या झाडावर उतरत. नऊच्या आत फांद्या काढून नाल्यात फेकायच्या. बावीस दिवस. एक खाडा नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत मी एवढ्या नेमानं कोणतंच काम केलं नाही.

आणि रोज भिंग घेऊन शेंडे पाहायचो. आज तरी पान वळलं असन. आज तरी शीर फुगली असन. माश्या बसत, रस पीत, पानाखाली अंडी घालत, आणि झाड आपलं नवीन पालवी काढे. सरळ! चिडून चिडून माझा दिमाग खराब झाला. शेवटी शेवटी मी त्या झाडाशी बोलायलेही लागलो होतो. "मर ना बे," असंच काहीतरी.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निवड झाली. बाहेरची माशी शिरू नये म्हणून बारीक जाळी लावलेल्या आमच्या जाळीघरात जागा सहाच झाडांच्या बियांले, आणि फिती बांधलेली झाडं सात. एक गाळायचं. सगळे सत्तेचाळीस नंबरच्या ओळीच्या टोकाशी उभे होतो. मॅडमनं नेहमीसारखं विचारलं, "देवराव, काय म्हणता?"

देवरावनं आपल्या झाडाकडं पाह्यलं, मग तुरीकडं पाह्यलं.

"मॅडम, माह्यंच गाळा," तो म्हणाला. "तुरीच्या आडोशाले आहे. वारा अडला, माशी अडली. माशीच पोचली नाही त्याच्यापर्यंत, म्हणून वाचलेलं दिसून राहिलं. माह्या शेवटच्या सालापायी दुसरं चांगलं झाड मांगं नका ठेवू."

बायांच्या तोंडचं पाणी पळालं. मॅडमनं हळूच मान हलवली आणि पेन काढलं.

मी जिंकलो होतो. बाप्पा, काहीच करायचं नव्हतं! तोंड बंद ठेवायचं होतं फक्त. त्याच्या तोंडानंच त्याचं झाड मरून राहिलं होतं. पण माझ्या डोक्यात एकदम सणक गेली. सहा वर्षं ज्याच्या नजरेपायी माझी किंमत झाली नाही, त्याले स्वतःचं झाड ओळखता येऊ नये?

"काय माशी पोचली नाही?" मी ओरडलोच. "कोण म्हणते पोचली नाही? मी बावीस दिवस रोज सकाळी माश्या झटकून राहिलो याच्यावर! मारून टाकायसाठी! मरत नाही ते!"

मॅडमचा चेहरा लाल झाला. पुष्पलताबाईनं "अगं माय!" म्हणून तोंडाले पदर लावला. मले वाटलं, आता देवराव मारते. मारायलेच पाहिजे होतं.

तो जवळ आला. "किती वाजता?"

"सातले."

"सातले माशी उडत नाही गा. खाली पडत असन."

"म्हणून तर फांद्या खोचून ठेवत होतो, ऊन चढेपर्यंत!"

"कोणत्या ओळीच्या?"

"बारा नंबरच्या."

"पानाखाली पाह्यलं?"

"रोज. भिंगानं. अंडीही आहेत, पाहा ना तुम्हीच!" सांगता सांगता माझी छाती फुगली होती, शरमेच्या जागी. काय माणूस आहो मी!

देवराव खाली बसला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, तिसरं उलटलं. मग तिथंच बसून रडायले लागला. एवढा मोठा माणूस, सगळ्यांसमोर. मॅडमनं पेन खिशात ठेवलं आणि मले म्हणाल्या, "सुशील, तू प्रयोगात हात घातलास. याची लेखी नोंद होईल. जाळीघरात मोजून माश्या सोडून पुन्हा चाचणी होईल, आणि त्यात तू नसशील."

"रागवा मॅडम, रागवायलेच पाहिजे," देवराव डोळे पुसत उठला. "पण मी गेल्यावर हे झाड याच्याच हाती द्या. माह्या हाती राहिलं असतं तर मी लाडच केले असते. या झाडाले वाईटावर टपलेला माणूस पाहिजे, आणि याच्याइतका टपलेला दुसरा कोणी भेटणार नाही तुम्हाले."

बाया हसल्या. मॅडमलेही हसू आवरलं नाही. मी मान खाली घालून वहीत झाडाचा नंबर लिहून राहिलो होतो, आणि अक्षर दिसत नव्हतं. शरम वाटलीच. पण तिच्याहून जास्त जळलो. माझ्याबद्दल एवढं खरं बोलायलेही तोच पाहिजे होता.