आकडा नसेल तर कालचा रंग

मंगळवारी सकाळी माझा भाऊ पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून पडला. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. त्या दिवशी तक्त्यात आमच्या गावाचा चौकोन हिरवा होता.

तो तक्ता मी रंगवला होता.

मी कर्जतला एका शाळेत ग्रंथपाल आहे. दादा गावीच राहिला. टाकीत जंतुनाशक पावडर टाकायची आणि मग नळाचं पाणी तपासायचं, हे त्याचं काम. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब सोडायचे. पाणी पिवळं झालं की ठीक. किती पिवळं, ते रंगाच्या पट्टीशी ताडून आकडा मोबाइलवर भरायचा. आसपासच्या गावांतली माणसंही असेच आकडे भरत आणि ते सगळे एका वेबपानावर येत. आडव्या ओळीत गाव, उभ्या रांगेत दिवस. नुसत्या आकड्यांची ती गर्दी कोणी वाचत नसे. पाणीपुरवठा कार्यालयातल्या साहेबांना त्यात रंग हवे होते. दादा त्यांना म्हणाला, "आमची बाय पुस्तकं वाचून काय पन शिकते."

मी शिकले. दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या संगणकावर बसून स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक चौकोनातला मजकूर उचलायचा, त्याचा आकडा करायचा, आकडा पॉइंट दोनच्या खाली असेल तर चौकोनाला लाल रंग, नाहीतर हिरवा. कोणी आकडा बदलला की रंगही आपोआप बदले. पहिल्यांदा ते पान रंगलं तेव्हा मी किती तरी वेळ बघत बसले होते.

रिकामा चौकोन मात्र लाल व्हायचा. स्क्रिप्टच्या लेखी रिकामं म्हणजे शून्य. साहेबांना ते खटकलं.

"मॅडम, रविवारी कोणी भरत नाही आणि सोमवारी उघडावं तर अर्धं पान लाल. पाणी काय रविवारी सुट्टीवर जातं?"

वरून पाहुणे येणार होते. त्यांना ते पान मोठ्या पडद्यावर दाखवायचं होतं. मी हसले आणि पाच ओळी वाढवल्या. चौकोनात आकडा नसेल तर कालचा आकडा आणि कालचा रंग दाखवायचा. त्या पाच ओळींचा मला अभिमान वाटला होता. हे लिहायची लाज वाटते, म्हणून लिहिते.

दादाला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे मी नाय गेलो तरी माझा हिरवाच?"

"हो. पण तू जाशीलच."

"मग मला पन सुट्टी दे की गं. तुझा कागद हाय ना कामाला."

त्या पानाला तो शेवटपर्यंत कागदच म्हणत असे.

बाराव्याच्या दिवशी अंगणात शेजारच्या काकू बसल्या होत्या. पाण्याचा तांब्या खाली ठेवून त्या सहज बोलून गेल्या, "आता पान्याला त्या औषधाचा वास नाय येत. कसं गोड लागतंय."

वासावरून दादाने वर्षानुवर्षं शिव्या खाल्ल्या होत्या. वास नाही म्हणजे पावडर नाही. म्हणजे तो गेल्यापासून टाकीवर कोणी चढलेलंच नव्हतं. काकूंचा राग नाही आला. राग आला तो, मग पानावर काय दिसत असेल, या विचाराने, आणि मी तिथेच फोनवर ते पान उघडलं. आमच्या गावाची ओळ सलग हिरवी होती. रोज पॉइंट तीन. माझा भाऊ मेल्यावरही रोज पॉइंट तीन भरत होता.

मग मी रंगांच्या मागचे मूळ चौकोन उघडले. माणसांनी खरोखर काय भरलं ते तिथे दिसतं. शनिवारी पॉइंट तीन. रविवारी, ज्या दिवशी कोणी भरत नाही त्या दिवशी, दादाने लिहिलं होतं, "शिडीचा दांडा हलतो." सोमवारी, "दांडा सुटला. कोनाला तरी पाठवा. आज चढलो नाय." मंगळवारचा चौकोन रिकामा.

माझ्या तक्त्यात शिडीसाठी जागा नव्हती. मी ठेवलीच नव्हती. तिथे फक्त आकडा बसायचा, म्हणून त्याने आकड्याच्या जागी वाक्य लिहिलं. माझ्या स्क्रिप्टने ते उचललं, त्यात आकडा नाही असं ठरवलं आणि त्यावर शनिवारचा पॉइंट तीन लावून हिरवा रंग फासला.

वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "म्हनत होते, लिवलंय साहेबांना, येतील कोनीतरी. मंगळवारी म्हनाले, कालपास्नं पावडर नाय पडली, पोरं पितात ते पानी. नि गेले."

अंगणात कोणीतरी नशिबाची गोष्ट काढली. मी उठून आत गेले, नाहीतर तोंडून काही गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन केला. टाकीवर माणूस नेमा आणि शिडी दुरुस्त करा, म्हटलं.

"तुमच्या गावाला तर काही प्रॉब्लेम दिसत नाही, मॅडम. सगळं हिरवं आहे."

"तपासणारा माणूस गेला, साहेब. तुम्ही हार घेऊन आला होतात."

"हो हो. वाईट झालं. पण आधी लाल असलेल्या गावांचं बघावं लागतं ना."

मी फोन ठेवला आणि त्या पाच ओळी पुसल्या. पान पुन्हा उघडलं. आमची ओळ मंगळवारपासून लाल झाली. शेवटच्या रविवार-सोमवारचे चौकोन रिकामे नव्हते म्हणून हिरवेच राहिले; तेही लाल केले आणि त्यांत दादाची वाक्यं जशीच्या तशी दिसू दिली. रविवार तर सगळ्यांचेच लाल झाले, पण सलग लाल झालेली ओळ आमच्या एकट्याची नव्हती. आणखी चार गावं तशीच लाल झाली. तिथे कोण आजारी होतं, कोण काम सोडून गेलं होतं, देव जाणे. मीच त्यांना इतके दिवस हिरवं ठेवलं होतं.

तासाभरात साहेबांचा फोन आला. ते हायवेवरच्या कुठल्याशा ढाब्यावर होते, मागे ट्रकचे हॉर्न.

"काय केलंत हे? उद्या मीटिंग आहे माझी."

"जे भरलंय तेच दिसतंय."

"आधीचं परत करा. माणसाचं मग बघू."

"आधी माणूस बघा."

"अहो, तुमचा भाऊ गेला, मला कळतंय. पण पानावर कशाला राग काढता?"

राग पानावर नव्हता. शिडी हलते हे वाचायला एक माणूस पुरे होता, आणि तो माणूस नको म्हणून आम्ही दोघांनी मिळून रंग आणले होते. त्यांनी मागितले, मी दिले. हे त्यांना फोनवर सांगून कळलं नसतं.

पुढच्या आठवड्यात आमच्या टाकीला नवी लोखंडी शिडी लागली आणि गावातल्या एका बाईला काम मिळालं. त्याच आठवड्यात त्या पानाचा पासवर्ड बदलला. आता ते दुसरं कोणी बघतं. परवा उघडलं तेव्हा रविवारची पूर्ण रांग हिरवी होती.

माझ्याकडे दादाची काचेची नळी आणि थेंबांची अर्धी बाटली आहे. गावी गेले की वहिनीच्या नळाचं पाणी घेऊन तपासते. मागच्या खेपेला पिवळं झालं होतं. या खेपेला नाही झालं. मी त्या बाईच्या घरी जाऊन तसं सांगितलं, आणि वहिनी सध्या पाणी उकळून पिते.