पळसाच्या पानांचा नागेश

तार आली तेव्हा मी एका वकिलाच्या कोटाची बाही कापत होतो. कात्री कापडात असताना हात थांबवायचा नाही, ही वडिलांची शिकवण. थांबलं की काप वाकडा जातो. म्हणून तारवाल्याला मी मानेनंच बसायला सांगितलं, ती बाही पुरी कापली, मग दुसरी कापली, हाताचा खडू झटकला आणि सही करून तार फोडली. पाच-सात मिनिटं गेली असतील. आधी फोडली असती तरी काही बदललं नसतं हे मला कळतं, मी काही खुळा नाही... पण माझा भाऊ समुद्रात होता आणि मी बाह्या कापत होतो. तारेत दोन ओळी होत्या. लेफ्टनंट नागेश राव यांचं विमान प्रशिक्षणाच्या उड्डाणात समुद्रात कोसळलं, शोध चालू आहे.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. या पुरवणीचे संपादक आमच्या ओळखीतले. ते म्हणाले, नागेशवर लिहा. शिंप्यानं लिहायचं म्हणजे अवघडच, पण मॅट्रिकपर्यंत मराठी वाचलंय आणि घरी अजून तीच बोलतो. चामराजपेटेतली आमची मराठी घरं या कानडी मुलखात कधी आली हे कोणालाच नीट सांगता येत नाही. तीनशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी फौजेबरोबर कोणी तंबू शिवायला आलं आणि परत गेलं नाही, एवढंच आम्ही ऐकत आलो. तेव्हापासून शिवतोच आहोत.

नागेश माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. मी त्यांच्या जागेवर, त्यांच्याच मशीनवर बसलो आणि त्याचा बाप झालो, जमला तेवढा. त्याची शाळेची चड्डी, मुंजीतली बंडी, कॉलेजची पॅन्ट, सगळं माझ्या हातचं. त्याचा स्वभाव फार गोड वगैरे नव्हता, उगाच मेल्यावर चढवून ठेवायला नको. तो हट्टी होता, आरशासमोर तासभर भांग पाडायचा आणि पत्राला उत्तर देताना महिना लावायचा. पण घरात आला की घर भरायचं, हेही खरं.

विमानाचं वेड त्याला मीच लावलं असं आई म्हणते. खोटं नाही. गावाबाहेर विमानांचा कारखाना होता, तिथली विमानं उडताना बघायला रविवारी मी त्याला सायकलच्या दांड्यावर बसवून के. आर. पुरमच्या वाटेला न्यायचो. जायला दीड तास, यायला दीड तास, आणि विमान दिसणार पाच मिनिटं. तिथल्या एका शेताच्या बांधावर आम्ही डबा खायचो. तो विमानाकडे बघायचा, मी त्याच्याकडे. एकदा त्यानं विचारलं, “अण्णा, आत बसलेल्याला आपण दिसत असू का?” मी म्हणालो, “दिसत असू. पण ओळखू येणार नाही.” त्यावर त्यानं अंगातला लाल सदरा काढला आणि डोक्यावर धरून फडकवत बसला. त्या सदऱ्याची शिवण उसवली म्हणून मी त्याला वाटभर बोललो.

पुढे त्यानं नौदलात अर्ज केला तेव्हा आई म्हणाली, “पाण्यातलं की आकाशातलं, एक काय ते ठरव की रे.” तो म्हणाला, “आई, दोन्ही.” तिला ते पटलं नाही, पण जहाजावर असणार म्हणजे पायाखाली काहीतरी असेल या हिशेबानं ती गप्प बसली. पहिल्या सुट्टीला तो पांढऱ्या गणवेशात आला. गल्लीतली पोरं मागे, शेजारच्या बायका दारात. मी बघितली ती कॉलर. मानेमागे ती बोटभर उठली होती. मी त्याला तसाच दुकानात नेला, गणवेश उतरवला आणि कॉलर उसवून पुन्हा बसवली. तो बनियनवर स्टुलावर बसून हसत होता. “अण्णा, हे सरकारी आहे. सरकारची शिवण उसवली म्हणून तुला धरतील.” मी म्हटलं, धरू देत, पण माझा भाऊ असली कॉलर घालून फिरणार नाही.

वर काय दिसतं, असं मी त्याला एकदाच विचारलं. तो म्हणाला, “खरं सांगू? कधी कधी काहीच नाही. खाली समुद्र, वर आकाश, दोन्ही एकाच रंगाचे. कुठलं कुठं ते डोळ्यांना कळत नाही. तेव्हा डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, समोरच्या काट्यांवर ठेवायचा.” मी आयुष्यभर डोळ्यांवर भरवसा ठेवून पोट भरलेलं. मला ते ऐकून बरं वाटलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

दीड वर्षापूर्वी त्याचं सरोजाशी लग्न झालं. सरोजा देवनहळ्ळीची, आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातली, शिकलेली, मोजकं बोलणारी. तळावर घर मिळेपर्यंत ती आमच्याकडेच राहिली. या वर्षीच्या सुरुवातीला तो सुट्टीवर आला आणि म्हणाला, आता मी नव्या मुलांना शिकवणार, मास्तर झालो. मास्तर म्हणजे खुर्ची, फळा, पेन्शन. आम्ही सगळे इतके खूश झालो की आईनं गल्लीत म्हैसूरपाक वाटला. शिकवणारासुद्धा त्याच विमानात मागे बसतो, हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ती आमची शेवटची भेट.

तार घेऊन घरी गेलो आणि आईला सांगितलं, विमान पडलं, शोध चालू आहे. ते खरंच होतं. पाच दिवसांनी पत्र आलं. शिकणारा अधिकारी कोळ्यांना सापडला होता, गेलेला. नागेश मिळाला नव्हता, शोध थांबवला होता, आणि तो हयात असण्याची शक्यता नाही असं साहेबांनी फार सभ्य भाषेत लिहिलं होतं. मी आईला शब्द न शब्द सांगितला. ती ऐकत होती, हातातली शेंग सोलत होती. म्हणाली, “तुझ्या वडिलांना मी या डोळ्यांनी बघितलं, मग मानलं. ह्याला कुणी बघितलंय? सांग की.” मी पत्राची घडी घातली. “मग?” ती म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली.

त्या दिवसापासून आमच्या घरात दुःख करायची सोय राहिली नाही. कोणी भेटायला आलं की आई त्यांना कॉफी द्यायची आणि नागेशच्या बदलीच्या गोष्टी सांगायची. आलेले लोक माझ्याकडे बघायचे, मी जमिनीकडे. सगळ्यात वाईट अवस्था सरोजाची. गल्लीतल्या बायकांना तिला हळदकुंकवाला बोलवावं की बोलवू नये ते कळेना. समोर आली की त्या कपाळाकडे बघायच्या आणि मग भाजीचे भाव विचारायच्या. पाच आठवडे तिनं हे काढलं. एका दुपारी ती दुकानात आली आणि उभ्यानंच म्हणाली, “अण्णा, मला काहीतरी एक करा. ते येणार असतील तर मी वाट बघते, जन्मभर बघते. नसतील येणार तर मला रडू द्या. हे असं अधांतरी मला नाही जमत.”

मी आमच्या जोइसांकडे गेलो. ते तीन पिढ्यांचे भटजी. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करतात, त्याला त्या माणसाचं नाव देतात आणि अग्नी देतात. मग सुतक धरता येतं, तर्पण करता येतं, माणूस गेला असं म्हणता येतं. त्यांनी विचारलं, “आईंना सांगितलंय?” मी म्हणालो, सांगतो. सांगितलं नाही. सरोजाच्या वडिलांना बरं नाही, चार दिवस देवनहळ्ळीला जाऊन येतो, असं सांगून आम्ही दोघं उलट्या दिशेला, श्रीरंगपट्टणला गेलो. मला वाटलं होतं, दोघींचंही मन राखता येईल. सरोजाला खरं मिळेल आणि आईला तिची आशा राहील.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. जाणाऱ्याच्या अंगावरच्या वस्त्राला घरातल्या माणसानं निदान एक टाका घालायचा, शिंप्याघरचं माणूस ठाणातून फाडलेल्या बिनशिवल्या कापडात जात नाही. नदीकाठी जोइस पानं मांडत होते, दर्भाचे हात, दर्भाचे पाय, डोक्याच्या जागी नारळ. त्यांनी उंची विचारली, मी म्हणालो, पाच फूट आठ. एक टाका पुरला असता, पण मी कापड अंथरलं आणि सदराच बेतला. टेप काढावी लागली नाही, त्याची मापं मला पाठ होती. छाती अडतीस, खांदा साडेसतरा, बाही चोवीस. हातानंच शिवला. सरोजा शेजारी बसून दोरा ओवून देत होती. शेवटी तिनं सदरा हातात घेतला, खालची दुमड उलटली आणि माझ्याकडे बघितलं.

“अण्णा, आत एवढं कापड का राखलंय?”

मी बघितलं. खाली दोन बोटं, बाहीला दोन बोटं, आत दुमडून राखलेलं. तो लहान असताना मी त्याचा प्रत्येक कपडा असाच शिवायचो, वाढत्या अंगाचा. पुढच्या वर्षी उसवून सोडायचं, की वर्षभर पुन्हा चालतो... हाताला कोणी सांगितलं नव्हतं की आता नको. “सवय,” एवढंच मला म्हणता आलं. तिनं दुमड सारखी केली आणि सदरा त्या पानांवर घातला. मग ती रडली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. जोइस थांबले, नदीकडे तोंड करून बसले, तिचं रडणं होईपर्यंत त्यांनी मंत्र म्हटला नाही. पानं वाळलेली होती, अग्नी दिल्यावर फार वेळ लागला नाही. तिनं मंगळसूत्र स्वतः काढून रुमालात बांधलं, कपाळ नदीच्या पाण्यानं धुतलं. जोइसांनी सांगितल्याप्रमाणे तीन दिवस आम्ही तिथल्या धर्मशाळेत सुतक पाळलं. आणि लिहायला लाज वाटते, पण ते तीन दिवस बरे गेले. आम्ही दोघं त्याच्याबद्दल बोललो, तो गेला असं म्हणून बोललो.

परत आलो तर आई घराबाहेरच्या कट्ट्यावर बसलेली, आमचीच वाट बघत. आम्ही गल्लीच्या तोंडाशी होतो, तिला अजून दिसलो नव्हतो. सरोजा थांबली. ती खरं सांगायला तयार होती, तिचा चेहरा मी बघितला, ती पूर्ण तयार होती. आणि मी, ज्यानं हे सगळं तिच्यासाठी केलं असं मला वाटत होतं, तो म्हणालो, “आजचा दिवस कुंकू लाव. स्वल्प दम धर. उद्या मी सांगतो आईला.” तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. पिशवीतून डबी काढली, रुमालाची गाठ सोडली. आई तिला जवळ घेऊन म्हणाली, “वडील बरे आहेत ना ग? तुझं तोंड केवढं उतरलंय.”

तो उद्या अजून आलेला नाही. पाच वेळा मी आईसमोर बसलो आणि पाच वेळा दुसरंच काही बोलून उठलो. ती थकली आहे, तिचा श्वास लागतो, ही माझी कारणं. भ्यालो, हे खरं. सरोजाला मी एकदा म्हणालो, मग तूच सांग. ती म्हणाली, “तुम्ही त्यांचा मुलगा आहात. त्यांना दोघंच, एक तुम्ही आणि एक ते. मी सांगितलं तर त्या मला कधीच माफ करणार नाहीत, आणि माहेरी चार दिवसच राहता येतं, मला दुसरं घर नाही.” हे छापून आलं तरी आईला कळणार नाही. तिला अक्षर येत नाही, आणि घरात तिला पेपर वाचून दाखवायचं काम माझंच आहे. सरोजाला विचारून लिहितो आहे. ती म्हणाली, लिहा, कुठंतरी तरी ते गेले असू देत.

गेल्या महिन्यापासून ती एका शाळेत शिकवायला जाते. शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे, तिथं ती खोटं कपाळ घेऊन जाणार नाही. सकाळी आई फुलवालीकडून एक मोळ, म्हणजे आपल्या कोपरापासून बोटापर्यंत मोजून मोगरा घेते आणि तिच्या केसांत माळते. ती घरून निघते ती आधी माझ्या दुकानात येते. आत पडद्यामागे गिऱ्हाइकांसाठी कपडे घालून बघायचा आरसा आहे. नागेश आला की त्याच आरशासमोर उभा राहून मला ओरडायला लावायचा, अरे बाजूला हो, गिऱ्हाईक खोळंबलंय. आता तिथं सरोजा उभी राहते. फुलं काढून ती मी टेप अडकवतो त्या खिळ्याला लावते, कपाळ पुसते, मंगळसूत्र रुमालात बांधून मशीनच्या खणात ठेवते आणि शाळेला जाते. साडेपाचला परत येते. दिवसभर दुकानात मोगऱ्याचा वास असतो, गिऱ्हाइकं विचारतात, पूजा केलीत का?

काल संध्याकाळी ती पडद्याआड गेली तेव्हा मी बटणं लावत होतो. मंगळसूत्राचा आवाज आला, डबीचं झाकण वाजलं. मग ती बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली, गिऱ्हाईक उभं राहतं तशी, हात सरळ सोडून, आणि कपडा नीट बसला का हे गिऱ्हाईक इथल्या बोलीत विचारतं तसंच तिनं विचारलं.

“सरी आहे ना, अण्णा? मध्ये आलंय ना?”

मी मान वर करून बघितलं. चाळीस वर्षांचा होत आलो, अर्धं आयुष्य लोकांचं सरळ-वाकडं बघण्यात गेलं. कुंकू अगदी मध्ये होतं.

“सरी आहे,” मी म्हणालो. आणि ती आमच्या घरी गेली.