पडद्याचा फोटो

उपकेंद्रातल्या शिंदेबाईंनी पडद्यावरच्या वीजभाराच्या आकड्यांचा फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकला. पडद्याच्या काचेत त्यांच्यामागे उभा असलेला मीही त्या फोटोत अंधूक आलो होतो. हेच आकडे मुख्यालयात सुरक्षित पोचावेत म्हणून आम्ही दोन वर्षं खपून यंत्रणा उभारली होती.

"बाई, आकडे तिकडे आपोआप जातात की."

"जातात हो. पण लॉगिन करायचा साहेबांना कंटाळा येतो. थांबा, तुम्हालाही ग्रुपवर घेते."

फोटोखाली साहेबांचा अंगठा आलाच. गोपनीयतेच्या कागदावर आमच्या सह्या घेणारे हेच साहेब. चोराचा विचार आम्ही दोन वर्षं केला, कंटाळ्याचा एकदाही केला नाही.

आमची यंत्रणा उघडायला तीन पासवर्ड लागतात. हल्ली सकाळी मीही ग्रुपच बघतो.