तेरवीच्या फोटोतलं आभाळ

वडिलांचा शेवटचा चांगला फोटो मीच काढला, मित्राच्या कॅमेऱ्यानं. शाळेपासूनचा मित्र, चिखलीत त्याचा फोटो स्टुडिओ आहे. शेतात कापलेल्या सोयाबीनची सुडी रचलेली, दक्षिणेकडून ढग चढत आलेला, आणि वडील धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून, कपाळाशी हात धरून त्या ढगाकडे बघतायत. घाईत मी कॅमेऱ्यात उजेड त्यांच्या चेहऱ्यावरून मापला. चेहरा छान आला, वरचं आभाळ मात्र पांढरंफटक.

मी हळहळलो, तर मित्र म्हणाला, "जळलं नाही बे, दबून बसलं आहे. मूळ फाइल आहे ना कार्डात, तिच्यात सगळं असते." कॉम्प्युटरवर त्यानं फक्त आभाळ निवडलं, तिथला उजेड हळूहळू उतरवला, वडिलांच्या टोपीच्या कडेनं बारीक ब्रश फिरवला. आणि पांढऱ्यातून ढग वर आला, फाटक्या कडेसकट. "दुसऱ्याचं आभाळ आणून चिकटवणारे चोर असतात," असंही वर ऐकवलं. मी तर त्याला गुरूच मानलं.

उन्हाळ्यात वडील गेले. "तोच फोटो मोठा करून दे, आभाळाले हात लावू नको," मी बजावलं. तो "हाव" म्हणाला. तेरवीला फ्रेम घेऊन आला आणि हार घालताना मी पाहिलं. निळंशार आभाळ, पिंजलेल्या कापसासारखे ढग. सुडी गेली, धुरा गेला. वडील कपाळाशी हात धरून कशाकडेच बघत नव्हते. आमच्याकडे स्टुडिओवाले गेलेल्या माणसाला असंच फोटोतून स्वर्गात पाठवतात, हे मला ठाऊक होतं. हा तसं करील असं वाटलं नव्हतं.

"काऊन बदललं बे?"

"तेरवीच्या फोटोत कोणी काळं आभाळ ठेवते का? लोकं काय म्हणतीन?"

"आन् मूळ फाइल?"

"लग्नाचा सीझन, जागाच नव्हती. सगळं उडवलं. तुह्या मोबाइलवर पाठवला होता ना?"

पाठवला होता तो पहिल्या दिवशीचा, पांढऱ्या आभाळाचा. तरी मी तोच घेऊन बसलो. त्यानं शिकवलं तसंच आभाळ निवडलं, उजेड उतरवला. करडा डाग आला, ढग आला नाही. मोबाइलसाठी हलक्या केलेल्या त्या फोटोत तो कधी नव्हताच. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. माझा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं वाटतही नाही.

तो फोटो आता बैठकीत लावलेला आहे. त्या दिवशी ढग बघून आम्ही सुडीवर ताडपत्री ओढली, तेव्हा तिचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं आईच्या. परवा धाड गावाहून मावशी आली, फोटोपुढे थांबली. आई तिला सांगत होती, "काय साफ आभाळ होतं व त्या दिवशी! पावसाचं नाव नव्हतं."

"नाही व आई," म्हणत मी मोबाइल काढला, फोटो उघडला. त्यातही आभाळ साफच होतं.