जावेची मोरपंखी साडी

त्या शनिवारी मी फोन का उचलला नाही, असं तुम्ही दोघा नातवंडांनी तिकडून विचारलंत. मी म्हणाले, बाहेर होते. ते खरंच होतं, पण फोनवर त्यापुढे सांगता आलं नसतं. आता तुम्ही दोघंही कॉलेजात आहात, वाचून समजू शकाल, म्हणून लिहिते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं आणि मलाही जमलं असतं. आयुष्यभर मी तेच शिकवलं. पण या गोष्टीतल्या बायका इंग्रजीत बोलायला लागल्या की माझ्या ओळखीच्या राहत नाहीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी कोणाचं नाव-गाव लिहिणार नाही. काही खुणाही बदलल्या आहेत.

मलकापूरला निवृत्त झाल्यानंतर इथल्या सरकारी रुग्णालयातल्या मुख्य सिस्टर एकदा माझ्याकडे आल्या. त्या माझ्या जुन्या विद्यार्थिनी. ज्या बाईवर अत्याचार झालेला असतो, तिची तपासणी करण्याआधी तिची संमती घ्यावी लागते. ती संमती नेमकी कशाकशाची, हे साध्या मराठीत कसं सांगायचं, ते त्यांना माझ्याकडून करून हवं होतं. ते मी करून दिलं. मग त्या म्हणाल्या, "मॅडम, एखादी बाई एकटीच येते. तिच्याजवळ बसाल का?" घरी मी एकटी, सकाळी भांडी घासून ठेवली की संध्याकाळपर्यंत ओट्यावर काही हलत नाही. मी हो म्हटलं.

त्या शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला आणि मी रिक्षाने गेले.

बाई तिशीच्या आतली होती. माहेरी बारशाला गेली होती. परत सासरी निघाली तेव्हा ओळखीच्याच एका माणसाने फाट्यापर्यंत सोडतो म्हणून गाडीवर घेतलं. बाकी तुम्हाला सांगायची गरज नाही. ती घरी न जाता मिळेल त्या बसने इकडे आली आणि अपघात विभागाच्या दारात उभी राहिली. कोणी विचारेपर्यंत ती काही बोलली नव्हती. नवरा पुण्याकडे कंपनीत. घरी सासू आणि थोरली जाऊ.

मी गेले तेव्हा सिस्टरांनी औषधं सुरू केली होती. बाईला तोंड धुवायचं होतं.

"थोडं थांब गं," सिस्टर म्हणाल्या, "तपासणी झाली की गरम पाणी देते, बादलीभर. आत्ता धुतलंस तर पुरावा पाण्याबरोबर जाईल."

"पाणी प्यू का?"

सिस्टर म्हणाल्या, "ओठांवरचं, तोंडातलं आधी घेऊ दे. मग लगेच."

तुम्हाला वाटेल ही क्रूर रीत आहे. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण सिस्टर प्रत्येक गोष्ट आधी सांगत आणि मगच हात लावत. "थांबा म्हटलं की मी थांबेन," असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. मध्येच बाई "थांबा" म्हणाली, तेव्हा त्या दोन्ही हात मागे घेऊन उभ्या राहिल्या आणि खिडकीकडे बघत राहिल्या. बाईने स्वतःच "हं, करा" म्हणेपर्यंत. तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाईही थांबल्या. मी उशाशी होते. तिने माझा हात धरला नाही, माझ्या पदराचं टोक धरून ठेवलं.

सगळं झालं, आणि अडलं ते साडीवर.

अंगावरचे कपडे पुरावा म्हणून द्यावे लागतात. ओले असले तर सावलीत वाळवतात, कागदी पाकिटात घालतात, वर लाख लावून मोहोर करतात. ते परत मिळायचे तर कोर्टातूनच, आणि तेही कधी ते कोणी सांगत नाही. सिस्टरांच्या कपाटात अशा वेळेसाठी नव्या साड्या, परकर, झंपर ठेवलेले असतात. त्यांनी एक पिवळी साडी पुढे केली.

बाईने मोरपंखी साडी दोन्ही हातांनी गच्च आवळली. "ही नाई देत मी."

"का गं?"

"माह्या जावेची हाय. तिच्या माहेरची. बारशाले नेसून जा म्हणे."

"तिला सांगू आपण, हरवली."

"अंगावरची साडी हरवते का, सिस्टर?" ती पहिल्यांदाच जोरात बोलली. "मोरपंखी नेसून गेली अन् पिवळी नेसून आली, त गल्लीतल्या बाया काय म्हणतीन? जाऊ काय म्हणीन?"

आपल्याकडे जावाजावा, नणंदा-भावजया एकमेकींच्या साड्या नेसून कार्याला जातात. कोणती साडी कोणाची, ती कुठून आली, हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला पाठ असतं. ही रीत मला माहीत होती, पण ती तपासणीच्या खोलीत अशी आडवी येईल असं माझ्या मनात आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं की साडीशिवाय पुरावा अर्धा राहील, पण जबरदस्ती नाही. बाईने मान हलवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, तक्रार द्याचीच हाय मले. घरी सांगाचं बी हाय. पण मी सांगीन ना. माह्या तोंडानं, मले जमीन तवा. साडीनं नको सांगाले."

हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळदा मनाशी म्हटलं आहे.

मी विचारलं, "तशीच दुसरी आणली तर?"

तिने वर्णन सांगितलं. मोरपंखी अंग, किरमिजी काठ, पदरावर तीन ओळी कोयऱ्या. जावेच्या भावाने मलकापुरातूनच घेतली होती, गेल्या दिवाळीत. शेवटची बस सहाला होती. साडीचा फोटो काढणं बरोबर नव्हतं, म्हणून मी काठाची रुंदी माझ्या बोटांवर मोजून घेतली आणि निघाले.

पहिल्या दुकानात मोरपंखी होती, पण काठ हिरवा. दुसऱ्यात काठ होता तर पदर साधा. तिसऱ्या दुकानाचे मालक एक वयस्कर मुसलमान गृहस्थ. त्यांचा मुलगा माझ्याकडे शिकलेला.

"आइये बाई, बसा. आज रास्ता भूलले का आमच्याकडं?"

मी रंग सांगितला. गादीवरचा सेल्समन हसला. "मॅडम, तुमी त कायम करडी नेसता. आता मोरपंखी?"

"नातीसाठी," मी म्हटलं.

"नातीचं जमलं का? अरे वा! तिकडं नेसते का साडी?"

"नेसते, सणावाराला."

"मग हे काय घेता, मॅडम? ही त घरात वापराची. नातीले पैठणी दाखवतो ना!"

"अरे, बाईंना जी पाहिजे ती दाखव," मालक त्याला ओरडले. "नातीनं फोटो पाठवला असेल. आजकाल पोरी फोटो पाठवतात."

मी हो म्हटलं. तर बेटा, तू तिकडे प्रयोगशाळेत असशील तेव्हा इथे बाजारात तुझं लग्न जमलं होतं, आणि दुकानदारांनी तुला आशीर्वाद म्हणून पदराला लावायची एक पिन जास्तीची दिली. आणखी दोन गठ्ठे सोडल्यावर ती साडी निघाली. कोयऱ्या तीन ओळी. काठ माझ्या बोटांना बरोबर बसला. मला इतका आनंद झाला की कोणाला तरी सांगावंसं वाटलं. मग लक्षात आलं की सांगण्यासारखं कोणी नाही आणि सांगता येण्यासारखं काही नाही. तुमचा फोन तेव्हाच वाजत होता. बाजारात मला तो ऐकूच आला नाही.

परत येताना आठवलं, नव्या साडीला फॉल नसतो. पिकोच्या दुकानात दिली असती तर उद्या मिळाली असती. मी फॉल, सुई आणि दोरा घेतला आणि सिस्टरांच्या शेजारच्या खोलीत बसून हाताने घातला. तुम्हाला माहीत आहे, माझे टाके सारखे येतात. मला ते सारखे आणायची सवयच आहे. पण त्या दिवशी मी मुद्दाम मध्ये एखादा लांब टाकला, कोणीतरी घरी बसून घातल्यासारखा. मग साडी पाण्यात बुडवून काढली, कांजी निघावी म्हणून, आणि पंख्याखाली धरली. सिस्टर इस्त्री कुठून तरी घेऊन आल्या. "चुरगळलेलीच बरी," मी म्हटलं, "ती दिवसभर नेसलेली आहे ना." तेवढ्यात साध्या कपड्यातल्या महिला पोलीस येऊन जबाब घेऊन गेल्या. त्यांनी घरी गाडी न पाठवण्याचं कबूल केलं.

गरम पाण्याने अंग धुऊन बाई कपाटातल्या मिळत्या झंपरावर ती नवी साडी नेसली. जुनी साडी तिने स्वतःच कागदावर ठेवली, नीट घडी करायला गेली तर सिस्टर म्हणाल्या, "घडी नको, तशीच राहू दे." तिने हात काढून घेतला.

मी तिला स्टँडवर सोडायला गेले नाही. तसं ठरलेलं असतं. बाजारात पुढे कधी दिसली तर मी ओळख दाखवायची नाही. ती रुग्णालयाच्या फाटकातून एकटी निघाली, आणि मी दुसऱ्या दाराने. रिक्षात बसल्यावर मी त्या नव्या साडीत काय उणं राहिलं असेल याचा विचार करत होते. नव्या कापडाचा वास? जावेच्या साडीला कुठे डाग, कुठे रफू? हे विचारायचंच राहून गेलं होतं. घरी येऊन पोळी टाकली, पण खाताना तोच हिशेब.

पुढचे बरेच दिवस मी असाच विचार करत राहिले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, बरी आहे. तुम्ही विचारलंत, तेव्हाही बरी आहे म्हटलं.

मग पुढच्या तपासण्यांसाठी तिची यायची वेळ झाली. सिस्टरांनी कळवलं, मी जाऊन बाकावर बसले. ती आली, आणि तिच्याबरोबर दुसरी एक बाई. उंच, हातात पिशवी, चालताना समोरच्याला बाजूला व्हावंच लागेल अशी.

सिस्टर बाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, आज तिच्याबरोबर जाऊ आहे. तुम्ही आत नाही आलात तरी चालेल."

"चांगलं झालं," मी म्हटलं. आणि चांगलंच झालं होतं.

बाईची आत काही रक्ताची तपासणी चालू होती तेव्हा ती जाऊ बाहेर येऊन माझ्याजवळ बसली.

"तुमीच का साडीवाल्या काकू?"

मी विचारलं, "तुम्हाला साडीवरून समजलं का?"

"कोणत्या साडीवरून?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "ते त हिनं आल्याबरोबर बदलून ठेवली. आजून घरी तशीच हाय, मी उघडून बी नाई पाह्यली. म्या हिच्या तोंडाकडं पाह्यलं. आली तशी चुलीपाशी बसली, भाकर तव्यावर काळी झाली तरी हिचा हात हालेना. दुसऱ्या दिवशी बी तेच. मंग मी सासूले म्हटलं, तुमी देवळात जाऊन या. दार लावलं अन् म्हटलं, बोल आता."

"मग?"

"मंग बोलली." तिने पिशवी मांडीवर सरकवली. "सासूले म्या सांगितलं. दिराले बी फोन म्याच केला. तो रडून राह्यला होता, त म्हटलं, रडाचं असंल त येऊन रड, तिच्यापुढं. येऊन गेला."

मी माझ्या लांब टाक्याचा विचार करत होते. ती मात्र बोलायला बसली होती.

"तुमच्या घरी कोण कोण हाय, काकू?"

"मीच."

"बाप्पा! अन् असं सारं पाह्यता इथं, त घरी जाऊन कोणाले सांगता?"

"कोणाला नाही सांगायचं, असाच नियम आहे."

"नाव नका सांगू," ती म्हणाली. "पण आपलं त सांगाल का नाई? काऊन बसता अशा मुक्या?"

आतून सिस्टरांनी हाक मारली. ती उठली, पिशवी माझ्या बाजूला ठेवली, "लक्ष ठेवा हो" म्हणाली आणि आत जाऊन धाकटीच्या शेजारी उभी राहिली. दार अर्धं उघडं होतं. त्या दिवशी माझा पदर धरला होता तसं आज बाईने काही धरलं नव्हतं. ती जावेला टेकून बसली होती, डोळे मिटून.

त्या निघेपर्यंत मी पिशवी सांभाळली. फाटकाशी जावेने मागे वळून मान हलवली. धाकटीने ओळख दाखवली नाही. ठरलं होतं तसंच.

घरी येऊन मी कपाटातले कागद काढले आणि हे लिहायला बसले. लगेच पुरं झालं नाही. तुम्ही सविस्तर उत्तर लिहिलंच पाहिजे असं नाही, तुम्हाला अभ्यास असतो. वाचलं, एवढं कळवा.