उन्हाला कमी पडलेला उजेड

सोलापुरात, भर मे महिन्यात, टळटळीत दुपारी रस्त्यावर उभं राहून "उजेड जरा कमी पडतोय" असं म्हणणारा माणूस आजवर एकच जन्माला आला, आणि तो नेमका आमच्या घरचा जावई निघाला. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. एरवी दाजी एका कचेरीत कारकून होते आणि शनिवारपर्यंत चारचौघांसारखे वागत. रविवार उजाडला की गळ्यात दोन भिंगांचा कॅमेरा, खांद्याला पिशवी आणि पिशवीत फ्लॅशगन, एकदा पेटला की कामातून जाणारे बल्ब आणि अक्कानं परीटघडी करून दिलेले पांढरे रुमाल. हे रुमाल नाक पुसायला नसतात, हे मला कळायला एक शिंक पुरली. मी तेव्हा नोकरीला नवा, अक्काकडेच राहायला होतो. दाजी आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

गावातले बाकीचे फोटोवाले माणसाला उन्हाकडे तोंड करून उभा करत. माणूस लिंबू चावल्यासारखा डोळे बारीक करी आणि जन्मभर भिंतीवर तसाच राही. दाजींना ते पाप वाटे. ते माणसाची पाठ उन्हाकडे करत आणि काळवंडलेल्या तोंडावर फ्लॅशचा उजेड टाकत. "ऊन म्हणजे वरमाय," ते समजावत, "आणि फ्लॅश म्हणजे करवली. करवली दिसली पाहिजे, पण वरमाईपेक्षा मिरवता कामा नये." तिला आवरायला बल्बवर बांधायचा रुमाल. ऊन कडक असलं तर उघडा बल्ब, उतरलं की एकपदरी रुमाल, तिन्हीसांजेला दुपदरी. ही पदरांची भाषा त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की अक्कानं आमटी तिखट झाली का विचारलं तर जेवता जेवता म्हणत, "एक पदर चढवायला हवा होता." अक्का वाटी उचलून नेई.

एकदा तळ्याच्या काठावर नव्या जोडप्याचा फोटो चालला होता. नवरदेवाची पाठ उन्हाकडे केली की तो बिचारा गर्रकन पुन्हा उन्हाकडे वळे. दाजी त्याचे खांदे धरून फिरवत, तो परत फिरे, नवरी पदरात तोंड घालून हसे. अखेर बल्ब भस्सकन पेटला, तसा रस्त्यानं चाललेल्या टांगेवाल्यानं लगाम खेचला. "क्या साब, सूरज कम पड्या क्या?" दाजी अगदी शांतपणे म्हणाले, "हां, थोडा कम है." टांगेवाल्यानं आधी आभाळाकडे पाहिलं, मग दाजींकडे, आणि घोडा पिटाळला. वेड्या माणसाजवळ कोण थांबणार!

पण अशा या दाजींना जेरीस आणलं ते आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. अण्णा मोडनिंबला शेती बघत. रंग काळाभोर, फेटा पांढराशुभ्र आणि तोही भुवयांपर्यंत ओढलेला. आजवरच्या प्रत्येक फोटोत फेटा लख्ख आणि खाली अंधार. माझ्या चुलत्यांचंही तसंच. ते वारले तेव्हा हार घालायला असाच एक फोटो निघाला, आणि त्यांची नातवंडं अजून फेट्यालाच नमस्कार करतात. हे आईच्या मनाला फार लागलं होतं. त्या साली अण्णांना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी छाती तपासली आणि आम्हाला बाजूला बोलावलं. त्याच दिवशी आईनं दाजींना निरोप धाडला, "जावईबापूंना म्हनावं, ह्यांचं त्वांड दिसंल असा एक फोटू काढा. लई नगं, येकच."

कशासाठी, ते कुणी बोललं नाही. अण्णांना मात्र बरोबर कळलं. "भिताडावर टांगायची घाई झाली व्हय समद्यास्नी?" म्हणाले. पण जावयाचा शब्द मोडायचा कसा, म्हणून अंगणात येऊन उभे राहिले. फेटा काढायचं नाव नाही. "बोडक्या डोक्यानं उभं ऱ्हायाला घरात कोन मेलंय का?"

दाजींनी त्यांना उन्हाकडे पाठ करून उभं केलं. "मामा, इकडं बघा." सासऱ्याला ते रिवाजाप्रमाणे मामा म्हणत, सासूला आत्या. बल्ब पेटला. फोटो धुऊन आला तर काय सांगू! फेट्याखालचा चेहरा स्वच्छ, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा, मागं ऊन, कडब्याची गंज, लिंबाचं झाड, सगळं जागच्या जागी. फक्त डोळे गच्च मिटलेले. आईनं फोटो उजेडात धरला. "आगं बया, ह्ये तर आत्ताच गेल्यावानी दिसत्यात!" अण्णांना मात्र फोटो पसंत पडला. "बेस हाय की. निवांत झोप लागलीया."

मग दाजी दर रविवारी एस्टीनं मोडनिंबला. त्यांनी गप्पा मारून पाहिल्या, "आता काढत नाही" असं खोटं सांगून पाहिलं. अण्णा कशाला फसतात! त्यांचं सगळं लक्ष त्या बल्बवर, आणि तो पेटायच्या आधीच डोळे बंद. हळूहळू त्यांना उभं राहवेना, खुर्ची आणावी लागली. आई दारामागून बघायची आणि पदरानं डोळे टिपायची. मला दाजींचा असा संताप आला म्हणता! "सावलीत बसवून काढा की एकदाचा, तुमचे ते रुमाल राहू द्या!" मी ओरडलो. दाजी चिडले नाहीत. "सावलीत तोंड येईल, मेव्हणे. पण मागचं रान येणार नाही. रान सोडून मामा म्हणजे कोण?"

मग दाजींनी फ्लॅशगन कॅमेऱ्यावरून काढली, तिला लांब वायर जोडली आणि ते थेट दारामागं गेले. "आत्या, हे तुम्ही धरा." जावयासमोर आई कधी धड उभी राहिली नव्हती. नको नको म्हणत, पदर पुढं ओढून अंगणात आली. दाजींनी तिला जरा बाजूला उभं केलं, एकपदरी रुमाल बांधून दिला. आरतीचं ताट धरावं तशी दोन्ही हातांनी तिनं ती गन धरली.

अण्णा बघतच राहिले. "आगं, तुज्या हातात कुनी दिलं त्ये? भाजंल की!"

"गप बसा. हलू नगासा."

चारचौघांत आईनं त्यांना गप बसवलेलं आम्ही जन्मात पहिल्यांदा ऐकलं. अण्णांच्या मिशीत हसू फुटलं, आणि दाजींनी बटण दाबलं.

त्या थंडीत अण्णा गेले. फोटो ओसरीवर आहे. येणारेजाणारे बघतात, तोंड भरून नावाजतात, आणि एखादा जाणकार हटकून म्हणतो, "सगळं झकास, पण नजर चुकली बघा. म्हातारबुवा भलतीकडंच बघतायत." दाजी आता थकलेत. ते वाद घालत नाहीत, "हो, तेवढं राहिलं खरं," म्हणून मान खाली घालतात.

एकदा आईनं हे आतून ऐकलं आणि चूल सोडून बाहेर आली.

"फोटूवाल्याकडं कशापायी बघत्याल?" ती म्हणाली. "मी हुते की तितं."