वीट कोणी चाटली?

बैलाच्या अंगी काय लागतं, हे विचारायचं कोणाला? विकणाऱ्याला, विकत घेणाऱ्याला की बैलाला? बैल बोलत नाही आणि उरलेले दोघे थांबत नाहीत!

बहारीनला, मनामाच्या बाजारात माझं जनावरांच्या खाद्याचं दुकान होतं. शाळा दापोलीत, सातवीपर्यंत. पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. दुकानातली कोंड्याची पोती रिकामी व्हायची, पण किस्से साठतच जायचे. त्यातले निम्मे एकट्या अबू सालेमच्या गोठ्यातले.

गोठा सनद गावाच्या पलीकडे, खजुरांच्या बागेत. बैल जहाजाने आणलेले, मांसासाठी पोसायचे. त्यांची देखभाल आमच्या संगमेश्वरच्या बाळारामकडे. यावरून कोणी त्याला डिवचलं की म्हणायचा, "माझं काम खायाला घालायचं. फुडचं मला विचारू नका."

*

ऐंशीनंतरची गोष्ट. बैल दोरखंड चघळायला लागले. माती, लाकूड, काही सोडीनात. एका दुपारी अबू सालेमने डोक्याचा रुमाल वाळत घातला होता, तो एका बैलाने ओढला. एक टोक बैलाच्या तोंडात, दुसरं बाळारामच्या हातात!

"सोड! फाटेल!" अबू सालेम ओरडला.

"कोणाला सांगताय? मला की त्याला?"

जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले, अंगात क्षार कमी पडलेत, मिनरल द्या. कुठलं? तर म्हणे, "बाजारात विचारा."

झालं! बाजार म्हणजे मी आणि मिस्टर थॉमस.

*

थॉमस एका परदेशी कंपनीचा सेल्समन. भर उन्हात टाय. माझ्याकडे क्षारांची बिनमिठाची सुटी पावडर, त्याच्याकडे लाल चाटण वीट. मीठ आणि क्षार दाबून केलेली. गोठ्यात टांगायची, जनावर मिठाच्या ओढीने येऊन चाटतं. त्याच्या कॅटलॉगवर हिरव्यागार कुरणात एक लठ्ठ बैल उभा.

बाळारामने चित्र नीट न्याहाळलं. "साहेब, विटेबरोबर ते गवत पण येतं काय?"

अबू सालेमने दोन्ही माल स्वतः चाखले. माझी पावडर थुंकून टाकली, वीट मात्र दोनदा चाटली.

मी म्हटलं, "अबू सालेम, खाणार बैल आहे."

"पैसे देणार मी आहे! खलास. वीट!"

*

थॉमस दर आठवड्याला यायचा, विटा काट्यावर ठेवायचा आणि तक्त्यात लिहायचा. वजन उतरतच होतं. "वंडरफुल! काय आवडीने खातायत!"

बैल मात्र होते तसेच. केस राठ, बरगड्या दिसतायत, आणि दोरखंड चघळणं चालूच. बकरी ईद जवळ येत चालली. अबू सालेमने जाब विचारला, तेव्हा थॉमसने शांतपणे ब्रीफकेस मिटली. "वीट तर संपतेय. म्हणजे मालात खोट नाही. माणसात बघा."

अबू सालेम बाळारामकडे वळला. "ईदपर्यंत बैल भरले नाहीत, तर तुझा व्हिसा कॅन्सल."

संध्याकाळी बाळाराम माझ्या दुकानात येऊन पोत्यावर बसला. "कासमभाई, धाकट्या भावाच्या व्हिसासाठी ह्याच माणसाकडे शब्द टाकलाय ओ. आता मीच चोर ठरून परत जाऊ?"

त्याला टोमणा सुचला नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

*

त्या शुक्रवारी आम्ही बायकामुलांसह बागेत सहलीला गेलो. आता अबू सालेमची एक रीत होती. पाहुण्याला पाणी द्यायचं ते टँकरचं, गोडं, गार केलेलं. विहिरीचं पाणी पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे स्वतःची बेअब्रू! डॉक्टर, थॉमस, मी, सगळे ते गोडं पाणी पिऊनच सल्ले देऊन गेलेलो.

माझ्या बायकोला, शरीफाला, ही रीत कोण सांगणार? तिने बैलांच्या हौदावरच्या, विहिरीच्या पाण्याच्या नळाखाली पातेलं धरलं आणि झकास चहा उकळला.

अबू सालेमने घोट घेतला. मोठ्या मुश्किलीने गिळला. "उम्म इक्बाल," म्हणजे आमच्या इक्बालची आई, "साखरेच्या जागी मीठ पडलं वाटतं."

"मीठ?" शरीफा उसळली. "मिठाचा डबा घरीच आहे माझा!"

सगळे हौदाकडे बघायला लागले. बाळाराम हळूच म्हणाला, "दिसभर बैल हे खारं पाणी पितात. वर आणि मीठ कशाला चाटतील?"

"मग वीट कोण खातं?" अबू सालेमने विचारलं. आणि पुन्हा बाळारामकडेच बघितलं!

*

मी अबू सालेमला बाजूला घेतलं. म्हटलं, "एक नवी वीट पंपाच्या खोलीत टांगा. खिडकीला जाळी आहे. वारा आत येईल, बैल येणार नाही. कुलूप लावा आणि चावी तुमच्या खिशात ठेवा."

दिवस उन्हाळा सरतीचे. बहारीनची ती दमट हवा तुम्हाला ठाऊक नसेल. भिंतींना घाम फुटायचा, डब्यातली बिस्किटं मऊ पडायची.

पुढच्या खेपेला थॉमस आला. गोठ्यातल्या विटा तोलून झाल्यावर अबू सालेमने स्वतः जाऊन आणखी एक वीट आणली आणि काट्यावर ठेवली.

थॉमसचा चेहरा फुलला. "एक्सलंट! हा तर सगळ्यांत जास्त खाणारा! कुठला बैल?"

"चल, दाखवतो."

अबू सालेमने खिशातून चावी काढली, कुलूप उघडलं. आत पंप. वर रिकामा हूक. खाली सिमेंटवर दारापर्यंत आलेला लाल ओघळ. गोठ्यात हाच ओघळ मातीत जिरून जायचा.

थॉमसचं पेन तक्त्यावर टेकलेलं, ते तसंच राहिलं.

"लिवा ना साहेब," बाळाराम म्हणाला. "आणि हवेला पण एकदा काट्यावर घ्या. चांगली भरली असंल ईदसाठी!"

अबू सालेम इतका हसला की डोक्यावरचा रुमाल खाली पडला. बाळारामनेच तो चटकन उचलला. बैल बघतच होता. "खलास," अबू सालेम म्हणाला. "ईद दरवर्षी येते. बाळाराम कुठे जात नाही."

दुसऱ्या दिवसापासून बैलांना बिनमिठाची पावडर सुरू झाली, ओल्या कोंड्यात, वर खजुराचा पाक. पावडर अर्थात माझ्याच दुकानातली! म्हणून तर सुरुवातीलाच म्हटलं, विचारायचं कोणाला? विश्वास माझ्यावरही ठेवू नका. फक्त उद्या तुम्ही गुरं पाळलीत तर एवढं करा. बैलाने खाल्लं ते बैलाच्या नावावर लिहा, आणि हवेने खाल्लं ते हवेच्या. हिशेब खरा ठेवा.